चाव्यांचा जुडगा आणि दाराची कडी

मी पाचवीत गेले त्या वर्षी शाळेत एकदम सहा नवी माणसं आली. चार शिक्षक, एक प्रयोगशाळा सहायक आणि एक शिपाई. पहिल्या दिवशी परिपाठ संपल्यावर मोठ्या बाई पुढे आल्या आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी बोलावलं ते शिपाईमामांना. मामांच्या हातात चाव्यांचा भलामोठा जुडगा होता आणि तो त्यांनी पाठीमागे धरला होता. "समोर धरा, मुलांना दिसू दे," बाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "आजपासून शाळेतलं प्रत्येक कुलूप यांच्या हातात आहे. तुम्ही येण्याआधी हे येणार आणि तुम्ही गेल्यावर जाणार."

मामांचं नाव त्यांनी दोनदा उच्चारलं. दुसऱ्यांदा सावकाश, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं. त्यानंतर जे म्हणाल्या ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "यांना एक गोष्ट अजून माहीत नाही. आपली घंटा तीन टोल द्यायची की चार, आणि कधी. हे यांना कोण सांगेल?"

दोनशे हात वर गेले.

पुढे दहावीपर्यंत मी अशा अनेक ओळखी पाहिल्या. बाईंची रीत बदलली नाही. माणसाचं नाव सांगायचं, तो आमच्यासाठी काय करणार ते एका वाक्यात सांगायचं, आणि शेवटी त्याला आपल्या शाळेतलं काय ठाऊक नाही ते. नव्या ग्रंथपालबाईंना जीर्ण पुस्तकांचं कपाट कोणतं ते माहीत नव्हतं. खेळाच्या सरांना मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं ते माहीत नव्हतं. प्रयोगशाळा सहायक दादांना प्रयोगशाळेच्या दाराची कडी लावता येत नव्हती, कारण ती सरळ लागतच नाही. दार आधी वर उचलायचं, मग कडी डावीकडे ढकलायची. ते दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं. एका मोठ्या माणसाला काहीतरी शिकवण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. दादांनी कडी लावून दाखवली आणि म्हणाले, "बरोबर जमलं का?" मी मान डोलावली. त्यानंतर प्रयोगशाळेत काहीही विचारायला मला भीती वाटली नाही.

पदव्यांचा उल्लेख त्या परिपाठात कधी करत नसत. आता मला कळतं, त्यामागे विचार होता. आपली शाळा सरकारी अनुदानाशिवाय चालणारी. इथे कुणी बदली होऊन येत नाही. संस्था जाहिरात देते, मुलाखत घेते, वर्गात नमुना पाठ घ्यायला लावते आणि माणूस निवडते. त्यामुळे नवा शिक्षक आला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, शिक्षण किती, अनुभव किती. फी भरणाऱ्या पालकांना ते विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि बाई ती माहिती सूचनाफलकावर लावत, पालकसभेत वाचूनही दाखवत. पण दहा वर्षांच्या मुलाला पदवीशी काय करायचं असतं? त्याला हवं असतं ते एवढंच, की या माणसाकडे मी केव्हा जाऊ शकतो.

त्या सहा जणांत विज्ञानाच्या बाई होत्या. त्यांची ओळख करून देताना मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "यांना अजून तुमची नावं माहीत नाहीत. पंधरा दिवस प्रत्येकाने बोलण्याआधी आपलं नाव सांगायचं." आम्हाला ती गंमत वाटली. वर्गात मात्र विज्ञानाच्या बाईंची एक सवय आम्हाला फार विचित्र वाटायची. त्या प्रश्न विचारत आणि गप्प उभ्या राहत. कुणाचं नाव घेत नसत, पुढचं वाक्य बोलत नसत, नुसत्या बघत राहत. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, त्या पुढचं विसरल्या.

मी वर्गात बोलणारी मुलगी नव्हते. उत्तर मला यायचं, पण ते ओठांपर्यंत येईतो दुसऱ्या कुणीतरी सांगून टाकलेलं असायचं. चौथीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकात "शांत मुलगी" असा शेरा असे. त्या दिवशी बाईंनी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" आणि थांबल्या. पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "हलका असतो म्हणून." बाई म्हणाल्या, "कशापेक्षा हलका?" आणि पुन्हा थांबल्या. वर्गात सगळं शांत झालं. मागच्या बाकावरचं कुणीतरी खोकलं. त्या शांततेत माझं उत्तर पहिल्यांदाच वेळेवर पोचलं. मी उभी राहिले, आधी नाव सांगितलं, जसं ठरलं होतं तसं, आणि म्हणाले, "तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा." बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली माझं उत्तर. मग समजावून सांगितलं, की पाणी गोठताना फुगतं, सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त जागा व्यापतं, म्हणून बर्फाचा बराचसा भाग पाण्याखाली राहतो आणि थोडासा वर.

पुढे अध्यापनशास्त्र शिकताना मेरी बड रो या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधिकेचं काम वाचनात आलं. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात आणि एरवी गप्प राहणारीही तोंड उघडतात. ते पान वाचताना मला आमचा पाचवीचा वर्ग दिसला. त्या बाईंनी हा अभ्यास वाचला होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मला ते दोन सेकंद दिले होते, हे मला पक्कं माहीत आहे.

सगळं असंच छान झालं असं नाही, आणि ते इथे लिहायला हवं. आठवीत असताना गणिताचे सर वर्षाच्या मध्यावर गेले. ते आमचे फार लाडके होते. मोठ्या बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या. बुधवारी पाचव्या तासाला एक अनोळखी सर वर्गात आले, त्यांनी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि समीकरणं शिकवायला सुरुवात केली. आम्ही वह्याच उघडल्या नाहीत. "आमचे सर कुठे आहेत?" एकाने विचारलं. नव्या सरांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढचे तीन दिवस आम्ही जे वागलो ते आठवलं की आजही वाईट वाटतं. ते फळ्याकडे वळले की बाकं वाजवायची, विचारलं की कुणीच उत्तर द्यायचं नाही. ते ओरडले नाहीत. फक्त रोज तास संपल्यावर दारात क्षणभर उभे राहत.

सोमवारी मोठ्या बाई परत आल्या आणि परिपाठाची वाट न पाहता सरळ आमच्या वर्गात आल्या. आम्हाला वाटलं, आता शिक्षा. बाई नव्या सरांकडे वळल्या आणि आमच्यादेखत म्हणाल्या, "सर, तुमची ओळख करून द्यायची राहिली. ही माझी चूक आहे. मुलांची नाही आणि तुमची तर मुळीच नाही." मग आम्हाला सांगितलं की आधीचे सर घरच्या कारणाने दुसऱ्या गावी गेले आहेत आणि परत येणार नाहीत. खरं ते सरळ सांगितलं. आणि आधीच्या सरांनी आमच्यासाठी मागे ठेवलेली एक वही नव्या सरांच्या हातात दिली. त्यात आमच्या वर्गातल्या प्रत्येकाचं नाव होतं आणि नावापुढे दोन-तीन ओळी. अपूर्णांकात कोण अडतो, कुणाला पाढे येतात पण शाब्दिक उदाहरणं वाचायचा कंटाळा येतो, कुणाला फळ्यापाशी बोलवायचं नाही. माझ्या नावापुढे काय लिहिलं होतं ते नव्या सरांनी दहावीच्या निरोप समारंभात मला दाखवलं: "थांबलं तर सांगते."

मला वाटतं, ओळख करून देण्याचं खरं काम त्या वहीने केलं. बाईंनी माफी मागितली म्हणून आम्ही शरमलो, पण नवे सर आमचे झाले ते त्या वहीमुळे. जुना शिक्षक नव्याला काय देऊन जातो, याचा विचार शाळा फार कमी करतात.

मी शिक्षिका झाले तेव्हा माझी पहिली नोकरी दुसऱ्या गावातल्या एका शाळेत होती. तिथे पहिल्या दिवशी कार्यालयातून हातात वेळापत्रक मिळालं आणि वर्ग कुठे ते बोटाने दाखवण्यात आलं. खडू कुठे मिळतो, हजेरीपट कुणाकडे असतो, शिक्षकांच्या खोलीत कोणती खुर्ची रिकामी असते, सगळं मीच शोधत गेले. मुलांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या बदल्यात?" महिनाभर मी बदली तासाच्याच बाई होते. परिविक्षेचं, म्हणजे नोकरीत कायम होण्याआधी काम पारखण्याचं, एक वर्ष होतं, पण त्यात नेमकं काय पाहणार हे वर्ष संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

नंतर कळलं, की हे असं असू नये हे जगाने कधीच लिहून ठेवलं आहे. 5 ऑक्टोबर 1966 रोजी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली. 1994 पासून जागतिक शिक्षक दिन त्याच तारखेला पाळला जातो. त्या शिफारशीत परिविक्षेविषयी म्हटलं आहे, की तो काळ नव्या शिक्षकाला प्रोत्साहन देऊन कामात रुळवण्याची संधी मानावा, त्याची मुदत आधीच माहीत असावी, आणि कुणी कमी पडत असेल तर कारणं त्याला सांगावीत. स्मिथ आणि इंगरसॉल या संशोधकांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या नवशिक्षकांचा अभ्यास मांडला, त्यातही हेच दिसलं: ज्यांना आपल्याच विषयाचा मार्गदर्शक आणि त्या विषयाच्या सहकाऱ्यांबरोबर बसून आखणी करायला वेळ मिळाला, त्यांचं पहिल्या वर्षानंतर शाळा सोडून जाण्याचं प्रमाण कमी होतं. आमच्या गणिताच्या नव्या सरांच्या हातात ती वही पडली, तेव्हा त्यांना असाच एक मार्गदर्शक मिळाला होता. फक्त तो गाव सोडून गेलेला होता.

आता मी ज्या शाळेत आहे तिथे नव्या माणसांना रुळवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पालकांना छायाचित्र, पदवी, अनुभव असलेलं पत्रक जातं, तेही मी काळजीने लिहिते. पण परिपाठाला सफाई कामगार मावशी आधी आणि शिक्षक नंतर, हा क्रम मी मोडू दिलेला नाही. जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडून मी एक वही मागून घेते. काही जण दोन पानं लिहितात, काही जण पूर्ण वही भरतात. एका शिक्षकाने फक्त एकाच मुलाबद्दल लिहिलं होतं, चार पानं. ती चार पानं मी स्वतः नव्या वर्गशिक्षिकेसमोर बसून वाचली.

हे मनोगत लिहिण्याआधी मागच्या महिन्यात आपल्या या जुन्या शाळेत आले. कार्यालयात नव्या लेखनिक ताई होत्या. त्यांचा तो दुसराच दिवस. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी त्यांना न्यायला आली. सकाळच्या परिपाठात तिला काम मिळालं होतं. मी विचारलं, मीही येऊ का तुमच्या मागे? तिने आधी माझं नाव विचारलं, मग परवानगी दिली. वाचनालय झालं, मैदान झालं, घंटा झाली. प्रयोगशाळेच्या दारापाशी ती थांबली आणि ताईंना म्हणाली, "हे सरळ लागत नाही हं. आधी दार वर उचला. आता कडी डावीकडे."

ताईंनी दार उचललं.