ब्युटी डिश घेऊन पठारावर: दिवसभराच्या आउटडोअर शूटचा वृत्तांत

शूटचा आराखडा साधा होता. पायथ्याशी गाडी लावून सामान पाठीवर घ्यायचं, सकाळी कड्याच्या सावलीत पोर्ट्रेट, दुपारी उघड्या पठारावर फॅशन, संध्याकाळी मावळत्या उन्हात पुन्हा पोर्ट्रेट. तिन्ही वेळा मुख्य दिवा एकच, ५५ सेंमीची ब्युटी डिश, म्हणजे फ्लॅशवर बसवायचं उथळ गोल भांडं. त्याच्या मधली चकती बल्बचा उजेड भांड्यावर परतवते आणि भांडं तो चेहऱ्याकडे पाठवतं.

निघण्याआधी एकच गोष्ट पक्की करावी लागते: डिश चेहऱ्यापासून किती अंतरावर राहणार. तिचा खरा गुण साधारण तिच्या व्यासाइतक्या अंतरापासून दुप्पट व्यासापर्यंत दिसतो, म्हणजे इथे ५५ ते ११० सेंमी. त्याहून जवळ नेली तर मधल्या चकतीमुळे उजेड असमान पडतो. लांब नेली तर तो एक लहानसा कडक दिवा होतो, मग एवढं अवजड भांडं वर चढवायचं कशाला? बाकीचं सामान या अंतरावरूनच ठरलं.

डिश आतून पांढरी घेतली. चंदेरी डिश जास्त उजेड देते, पण त्वचेवरचा तेलकटपणाही तितकाच उठवते. धातूची डिश घडी होत नाही, पण तिच्या पोकळीत ग्रिड (उजेड बाजूला सांडू न देणारी जाळी), पांढरं कापडी आवरण आणि जेल (उजेडाचा रंग बदलणारी पारदर्शक रंगीत पट्टी) बसतात, त्यामुळे जागा वाया जात नाही. डिश फ्लॅशला जोडणारं माउंट बोवेन्स पद्धतीचं ठेवलं. ती कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, तरी माउंट सर्रास मिळतं. फ्लॅश २०० वॅट-सेकंदाचा, उघड्या बल्बचा. ही निवड महत्त्वाची आहे. साध्या स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या लहान फ्लॅशचा) झोत सरळ पुढे जातो, चकतीवरच आदळतो आणि डिशच्या कडा अंधारात राहतात. स्पीडलाइटच असेल तर झूम सर्वांत रुंद ठेवून त्यावर उजेड सगळीकडे पसरवणारा घुमट डिफ्यूझर लावावा. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्यात. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

वाळूच्या पिशव्या रिकाम्याच न्याव्यात आणि वर दगड भरावेत. स्टँडचा एक पाय डिश झुकलेल्या बाजूला ठेवून पिशवी अशी लटकवावी की ती जमिनीला जेमतेम टेकेल. हवेत झुलणारी पिशवी स्टँडलाही झुलवते. वाऱ्याच्या दृष्टीने धातूची डिश म्हणजे एक भरीव फळीच. दिवा धरायला माणूस असेल तर दोन स्टँडपेक्षा तो बरा.

सकाळची जागा सर्वांत सोपी. डिश चेहऱ्यापासून ७५ सेंमीवर, अगदी समोर, केंद्र डोळ्यांच्या वर साधारण ५० सेंमी आणि तोंड खाली ४५ अंशांत. नाकाची सावली नाक आणि वरचा ओठ यांच्या मध्ये संपली पाहिजे. ती ओठाला टेकली तर डिश खाली घ्यावी. डोळ्यांत मध्यभागी काळा ठिपका असलेलं गोल कॅचलाइट, म्हणजे दिव्याचं प्रतिबिंब, दिसलं पाहिजे. खोल डोळ्यांच्या चेहऱ्यावर ते आधी नाहीसं होतं, तेव्हाही उपाय तोच. हनुवटीखाली पांढरा रिफ्लेक्टर छातीच्या उंचीवर धरला की गळ्याखालचा काळोख उजळतो. चंदेरी रिफ्लेक्टर तिथे फार होतो, खालून टॉर्च मारल्यासारखा. मागच्या कातळावर उजेड सांडत होता, तो ग्रिडने थांबला. ग्रिड सुमारे एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातं, हे हिशेबात धरावं. मेकअप मॅट हवा. टिपकागद जवळ ठेवावा, कारण कपाळ आणि नाकाचा शेंडा चकाकला की नंतर दुरुस्त करायला वेळ जातो.

खरी कसोटी दुपारी. सूर्य मॉडेलच्या पाठीमागे घेतला, म्हणजे डोळे मिचकावले जात नाहीत आणि केसांना कड मिळते. आधी फ्लॅश बंद ठेवून आभाळाचं एक्स्पोजर ठरवलं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/२०० सेकंद शटरला भर उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ येतं; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. पार्श्वभूमी एक स्टॉप गडद हवी म्हणून एफ/१६. चेहऱ्यावर तेवढा उजेड ७५ सेंमीवरून फ्लॅशच्या अर्ध्या शक्तीत मिळाला. हेच अंतर दीड मीटर केलं तर चौपट शक्ती लागते, म्हणजे फ्लॅशच्या पूर्ण शक्तीच्याही दुप्पट. हाय-स्पीड सिंक (फ्लॅशसोबत जास्त वेगवान शटर चालवायची सोय) वापरलं तर फ्लॅशची ताकद आणखी घटते. पार्श्वभूमी धूसर हवी होती, म्हणून चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच) लावून एफ/४ वर आलो. एनडी फ्लॅश आणि ऊन दोन्ही सारखेच कमी करतो, दोघांचं प्रमाण बदलत नाही. फ्लॅशला एफ/१६ इतकंच काम करावं लागतं, पुष्कळ जण इथेच फसतात.

फॅशनमध्ये पूर्ण उंचीचा फोटो हवा असतो आणि तिथे डिश अडते. ७५ सेंमीवरून १०५ सेंमीवर गेलं की एक स्टॉप गेला. चेहरा उजळ, कमरेखालचा पोशाख मंद. डिशचा अक्ष चेहऱ्याऐवजी कमरेकडे वळवला की चेहऱ्यावर कडेचा उजेड येतो आणि फरक थोडा कमी होतो. तेवढ्याने भागलं नाही तर डिश दोन मीटरवर न्यावी, कडक सावली मान्य करावी आणि पोजही तशीच टोकदार ठेवावी. मऊ उजेडच हवा असेल तर त्या फ्रेमसाठी मोठी छत्री बरी. कापडी आवरण लावून डिशला सॉफ्टबॉक्स बनवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. रुंद टोपी आणि चष्मा दुपारी टाळावा. टोपीसाठी डिश खाली आणावी लागते, आणि खाली आली की ती चष्म्याच्या काचेत दिसते.

संध्याकाळी ऊन पिवळं आणि फ्लॅश निळसर, त्यामुळे चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. अर्धं सीटीओ (नारिंगी) जेल बल्ब आणि चकतीच्या मध्ये लावलं, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवला. मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) बंद करावा, नाहीतर जेल वितळतं. उजेड उतरू लागला की अ‍ॅपर्चर आणि फ्लॅश यांना हात न लावता फक्त शटर १/२००, १/१००, १/५० असं उतरवत जावं. चेहऱ्याचा उजेड तसाच राहतो आणि आकाश टिकतं. १/५० च्या खाली हललेल्या केसांची आणि ओढणीची धूसर दुसरी कड दिसायला लागते. तिथून पुढे आयएसओ दुप्पट करून फ्लॅशची शक्ती निम्मी करावी.