तुम्ही विचारलंत म्हणून: गहू अजून पोत्यातच का?

"मामा, सिमेंटला टँकर, कोळशाला उघडे डबे, पेट्रोलला टाक्या. मग गव्हालाच पोतं का?"

भाच्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा कौतुक वाटलं होतं. मग हाच प्रश्न बँकेतल्या साहेबांनी विचारला, लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या भावाने विचारला, एकदा तर दाढ बघता बघता डॉक्टरांनी विचारला, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नव्हती. सगळ्यांनी मोबाइलवर कॅनडाचा एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. लांबच लांब गाडी, वरून गव्हाची धार पडतेय, आसपास माणूस दिसत नाही. व्हिडिओ संपला की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच रुळावर आडवा पडून हे सगळं थोपवून धरलंय. "तुमच्या टोळ्यांचं पोट आहे ना त्याच्यावर," असं तोंडावर म्हणणारेही भेटलेत.

आहेच पोट. माझा बाप हमाल, मी टोळीचा मुकादम. मनमाडसारख्या गावात, जिथे धान्याची एवढी मोठी गोदामं आहेत, तिथे आमच्यासारखी घरं शेकड्याने आहेत. मी तटस्थ नाही. पण तटस्थ नसलेल्या माणसालाही चार गोष्टी ठाऊक असतात, त्या ऐकून घ्या.

कॅनडाचं आधी उरकतो. तिथला शेतकरी गहू मोकळाच एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, आणून टाकतो, तिथून तो हॉपरमध्ये, म्हणजे वरून भरून खालून सोडायच्या रेल्वे डब्यात, हॉपरमधून व्हँकुव्हरसारख्या बंदरात, तिथून जहाजात. शेवटपर्यंत मोकळा. ते हॉपर डबेसुद्धा १९७०च्या दशकात तिथल्या सरकारने हजारोंनी स्वतः विकत घेतले होते. आपल्याकडे गहू बंदराला जात नाही, रेशनच्या दुकानात जातो. २०१३च्या कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो. साठ टनांच्या डब्यातून निघालेल्या मालाचं शेवटी पाच किलोपर्यंत वाटप व्हायचं असेल, तर मध्ये कुठे ना कुठे कोणाला तरी तो पोत्यात भरावाच लागतो. प्रश्न फक्त कुठे भरायचा एवढाच आहे. हे मी सांगायला लागलो की समोरचा दुसरा व्हिडिओ शोधायला लागतो.

आणि मोकळं धान्य आपण कधी पाहिलंच नाही असंही नाही. १९६५-६६च्या दुष्काळात पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखालचा गहू जहाजांतून मोकळाच यायचा. बंदरात धक्क्यावर तो पोत्यांत भरला जायचा, शिवला जायचा आणि मग डब्यात चढायचा. म्हणजे मोकळा आलेला गहू पोत्यात कोंबणारे आपणच. का? कारण पुढचा रस्ता पोत्याचाच होता.

आमच्या गावात तर तो रस्ता डोळ्यांसमोर होता. मुंबईहून येणारी मोठी लाइन मनमाडला यायची, आणि इथून औरंगाबादकडे, पुढे थेट काचीगुड्यापर्यंत, मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीचे रूळ. मराठवाड्यात जाणारं धान्य मनमाडला ब्रॉडगेजच्या डब्यातून उतरवायचं आणि शेजारच्या लहान डब्यात चढवायचं. एक डबा रिकामा होतो, दुसरा भरतो, मध्ये दहा-बारा पावलं आणि त्यांच्यात माझ्या बापाची पाठ. हॉपर आणून तुम्ही इथे काय केलं असतं? १९९२ला मनमाड-औरंगाबाद मोठी लाइन झाली, त्यानंतर ते दहा-बारा पावलांचं काम संपलं. गाव त्याबद्दल हळहळलं, हेही नोंदवून ठेवा. विकासाला विरोध म्हणून नाही, हजेरी बुडाली म्हणून.

डब्यांचा इतिहास भाच्याला तोंडपाठ आहे, मला तो पाठीने ठाऊक आहे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, उमेदीत वीस-बावीस टनांचे चारचाकी बंद डबे होते. मग आठ चाकांचे बीसीएक्स आले, व्हॅक्यूम ब्रेकचे. ऐंशीच्या दशकात बीसीएन आले, एअर ब्रेकचे, आणि सुटे डबे जाऊन अख्ख्या रेकची, म्हणजे एकाच मालाच्या पूर्ण गाडीची, पद्धत रुळली. बीसीएनचा बेचाळीस डब्यांचा रेक म्हणजे सव्वीसशे टनांच्या आसपास माल. पन्नास किलोच्या हिशेबाने बावन्न हजार पोती. रेक लागला की घड्याळ सुरू होतं, वेळेत खाली झाला नाही तर डॅमरेज, म्हणजे रेल्वेचा उशिराचा दंड. त्यानंतरचा बीसीएनएचएल. हा डबा आखूड, पण रुंद आणि उंच, वजन जास्त पेलणारा; रेकला अठ्ठावन्न डबे. बाहेरून दिसायला देखणा आहे, मान्य. पण डबा उंच झाला की वरचा थर उंच जातो, आणि तो थर लावणाऱ्याचे हात काही त्या मापाने वाढत नाहीत. डबा आखणाऱ्याने धुऱ्यावरचं वजन मोजलं असेल. खांद्यावरचं कोणी मोजलं असं मला तरी दिसलेलं नाही.

आता अण्णांचं सांगतो. हे मी सहसा टाळतो, कारण त्यानंतर समोरचा प्रश्न विसरतो आणि दया दाखवायला लागतो.

तेव्हा पोतं शंभर किलोचं होतं. काम मनमाडला नव्हतं, दुसऱ्या एका गावच्या मालधक्क्यावर ठेकेदाराने टोळी नेली होती. रात्रीचा रेक, तांदूळ. रेल्वेच्या बंद डब्याचा दरवाजा उघडणं हे वेगळंच काम असतं. पाठवणाऱ्याने थप्पी कितीही सरळ लावली तरी शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडता-सोडतानाच्या, धक्क्यांनी ती सरकते आणि दरवाजावर रेलते. मग दरवाजा लवकर उघडत नाही. आतून टनावारी तांदूळ रेलून बसलेला असतो. अनुभवी माणूस आधी हाताने दरवाजा ठोकून बघतो, आवाज भरीव आला की एका बाजूला उभा राहून खिट्टी काढतो. अण्णा अनुभवी होते. त्यांनी ठोकून बघितलंही होतं. बरोबरचे लोक सांगतात, ते बाजूलाच उभे होते. पण त्या दरवाजाची खालची पट्टी वाकलेली होती, ती सुटेना, म्हणून मुकादमाने त्यांना पहारीने समोरून टेकू द्यायला सांगितलं. घड्याळ चालू होतं ना.

पट्टी सुटली. वरच्या थरातली पोती आली. किती, यावर नंतर बरीच हुज्जत झाली. कोणी तीन म्हणालं, कोणी पाच. अण्णांना एकच आठवत होतं, पहिलं. ते कमरेवर बसलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा ते सरकारी दवाखान्याच्या जमिनीवर गादी टाकून झोपले होते. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? रेक वेळेत खाली झाला का. मी चिडलो. आजही तो प्रश्न आठवला की चिडतो.

पुढचं जास्त वाईट. ठेकेदार म्हणाला, माणूस आमच्या हजेरीपटावर नाही. खरंच नव्हता, कारण पट दोन होते. पाठवणाऱ्याकडे विचारायला गेलो तर त्यांचं म्हणणं, आम्ही थप्पी नियमाने लावली. वाहून आणणाऱ्यांचं म्हणणं, पावती 'आतला माल पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे' अशी आहे, भरताना आमचा माणूस हजर नव्हता. प्रत्येकाजवळ कागद होता आणि प्रत्येकाचा कागद खरा होता. महाराष्ट्रात १९६९पासून माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी उभं आयुष्य घातलं. पण कायद्याला नाव लागतं, आणि नाव पटावर नव्हतं. शेवटी टोळीने वर्गणी काढली. अण्णा पुढे चालले, फिरले, नातवंडांची लग्नंही त्यांनी पाहिली. पण वाकता येत नव्हतं आणि फार वेळ बसता येत नव्हतं. धक्क्यावर ते नंतर सुतळी आणि सुया वाटायला बसायचे. बसायचे म्हणजे भिंतीला टेकून उभे राहायचे.

त्या वर्षी मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. मुद्दा हाच, तुमचाच. पोतं बंद करा, मोकळं धान्य हॉपरमधून न्या, माणसाच्या पाठीवर देशाचं रेशन कशाला? एक छापूनही आलं. मोठ्या अभिमानाने अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टोळी काय करणार?" मी म्हणालो, दुसरं काम करतील. "कोणतं?" मला एकही नाव सुचलं नाही. आज सुचतं का? तेही नाही.

काही वर्षांनी मीच मुकादम झालो. त्या पत्रातला मुलगा आणि हा मुकादम यांचं माझ्या डोक्यात भांडण चालू असतं. मुलगा म्हणतो, बापाची कंबर विसरलास आणि कमिशनवर आलास. मुकादम म्हणतो, तू पत्र लिहून कॉलेजात परत गेलास, शनिवारचा पगार मी वाटतो. दोघांनाही गप्प करता येत नाही.

मोकळं धान्य आता आपल्याकडे आलंय, हे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय अन्न महामंडळाने २००५ला अदानींच्या कंपनीशी करार केला. पंजाबात मोगा आणि हरियाणात कैथल इथे मोठे सायलो, म्हणजे मोकळं धान्य साठवायच्या उंच टाक्या, उभे राहिले, दोन्हीकडे दोन-दोन लाख टनांचे. तिथून कंपनीच्या मालकीच्या खास डब्यांतून गहू मोकळाच निघतो आणि चेन्नई, कोइमतूर, बंगळूर, हुगळी आणि आपल्या नवी मुंबईच्या सायलोंत येतो. डबा वरून भरायचा, खालून सोडायचा. एका ओळखीच्याने मला तळोज्याला नेऊन दाखवलं. धूळ कमी, सांडलवंड जवळजवळ नाही, आकडीने फाडलेलं बारदान नाही. मी खोटं बोलणार नाही, बघून घसा दाटला. अण्णांना दाखवायला हवं होतं असं वाटलं.

आणि मग त्याच आवारात पलीकडे गेलो. तिथे तोच गहू पोत्यांत भरून ट्रकवर चढवला जात होता. रेशन दुकानासाठी. सांगितलं ना, प्रश्न फक्त कुठे भरायचा एवढाच असतो.

हे झालं पहिलं कारण. दुसरं, ते डबे परत जाताना रिकामे जातात. त्यांच्यात गव्हाशिवाय काय घालणार? आमचा बीसीएन पंजाबातून गहू घेऊन येतो आणि परतीला खत, सिमेंट, साखर, जे मिळेल ते घेतो. (खताच्या फेरीनंतर डबा नीट झाडला नाही तर गव्हाचं काय होतं, ते मी तुम्हाला जेवणाआधी सांगणार नाही.) तिसरं, सायलो हे मुख्यतः गव्हाचं घर. सडलेला तांदूळ, म्हणजे कांडून तयार झालेला, ढिगाने वरून ओतला तर तुटतो, कणी होते. आणि रेशनवर तांदूळही असतोच. चौथं, १९८७चा ताग कायदा. धान्याला ज्यूटचंच बारदान, कारण त्यावर बंगालचे ताग पिकवणारे आणि गिरणी कामगार अवलंबून आहेत. म्हणजे पोत्याच्या या टोकाला आमची टोळी, त्या टोकाला त्यांची. दिल्लीतला कोणताही पक्ष हे पोतं एका दिवसात फाडणार नाही.

ही कारणं मी बचावासाठी देतोय का? हो, थोडी. चारही खरी आहेत, पण त्यांतलं एकही शंटिंगने सरकलेल्या थप्पीपुढे टिकत नाही, हे मला कळतं. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही दोन्ही बाजूंनी बोलता." बोलतो. मी दोन्ही बाजूंना राहिलोय.

मला विचारायचंच असेल तर वेगळं विचारा. शंभरचं पोतं पन्नासचं झालं, ते कोणाच्या मेहेरबानीने नाही, वर्षानुवर्षं ओरडून. मग पन्नासचं तीसचं का होत नाही? विमानतळावर एका माणसाने उचलायची बॅग बत्तीस किलोच्या वर घेत नाहीत, आणि तिथे उचलणारा फळीवरून चालतही नसतो. तीसचं पोतं झालं तर डबा तोच राहील, ताग कायदा तोच राहील, रेशन दुकानही तेच. बारदान जास्त लागेल, शिलाई वाढेल, खर्च वाढेल. सरकारला ते नको आहे.

आणि पूर्ण खरं सांगायचं तर आमच्या टोळीलाही नको आहे. वाराई, म्हणजे चढ-उताराची मजुरी, पोत्यावर मिळते, पोतं लहान झालं की ठेकेदार आधी दर कापतो. पन्नासच्या वेळी तेच झालं होतं. गेल्या बैठकीत मी तीसचा विषय काढला तर पोरं उठून गेली. पुढच्या बैठकीत परत काढणार आहे, दर टनावर बांधून घ्यायच्या अटीसकट.