तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा गुलमोहरच का?

"झाड पडून शेजारच्या काकू जायबंदी झाल्या, तरी तुम्ही पुन्हा गुलमोहरच का लावलात?" हा प्रश्न मला नात्यातल्यांनी विचारला आहे, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि फाटकापाशी थांबून आत डोकावणाऱ्या अनोळखी माणसांनीही विचारला आहे. प्रत्येकाला मी निराळे उत्तर दिले. एकाला सांगितले की जुन्या झाडाचे बी पडून रोप आपोआप उगवले. ते धादांत खोटे होते. दुसऱ्याला म्हणाले की ज्या साताऱ्यात 1 मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो, तिथे हा प्रश्न विचारायचाच कशाला. ती निव्वळ टोलवाटोलवी होती. स्वतःचीच ही निरनिराळी उत्तरे ऐकून आता कंटाळा आला आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

सोपा भाग आधी उरकते. झाड परदेशी आहे, हे मला माहीत आहे. ते मादागास्करचे आहे. तिथल्या पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या कोरड्या पानगळीच्या जंगलांत, चुनखडीच्या जमिनीवर ते वाढते आणि बोयर नावाच्या बोहेमियन वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या नोंदींवरून 1829 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्याकडे ते येऊन फार तर दोनशे वर्षे झाली असतील. पण आमटीत घालतो ती चिंचही आफ्रिकेचीच आणि तीही याच शेंगांच्या कुळातली. तिला पाहुणी म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. 'गुलमोहरावर पक्षी घरटे करत नाहीत' हे वाक्यही मी इतक्यांदा ऐकले आहे की बोलणारा कुठे थांबणार तेही मला कळते. आमच्या झाडाच्या एका वाळलेल्या फांदीत तांबट पक्ष्याने पोखरलेले भोक सलग तीन वर्षे नांदते होते. तरीही काही गोष्टी मान्य करायला हव्यात. शेंगवर्गीय असूनही हे झाड हरभऱ्यासारखे मुळांवर गाठी धरून जमिनीला नत्र देत नाही, त्याच्याखाली दुसरे काही धड वाढत नाही आणि त्याची बारीक पाने पन्हळी तुंबवतात. फुलांसाठीच लावायचे असेल तर पळस, पांगारा, बहावा, काटेसावर यांतले एखादे लावावे, असा सल्ला मी स्वतः लोकांना देते. माझ्या या सल्ल्याचा आणि माझ्या अंगणाचा मेळ बसत नाही, हे सांगायला पुन्हा कोणी येऊ नये.

जुने झाड मी 1988 मध्ये लावले. नर्सरीतून आणलेले रोप पिशवीत फार काळ राहिलेले होते आणि त्याची मुळे पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसली होती. ती सोडवायची असतात, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. रोप जोमाने वाढले आणि सातव्या वर्षी फुलले. एका फुलातल्या पाच पाकळ्यांपैकी एकच पांढरट, लाल ठिपक्यांची असते. ती आंबट लागते म्हणून माझी मुले आणि काकूंचा मुलगा त्या एका पाकळीसाठी भांडत. पुंकेसर एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावण्याचा खेळही याच झाडाखाली चालत असे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच मुलाने मला पत्र लिहिले.

पुढची वीस वर्षे मी त्या झाडाची काळजी घेतली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी त्याचे लाड करत होते आणि ते त्याच्या मुळावर आले. आधी मी भोवती हिरवळ लावली आणि तिला रोज पाणी दिले. वर्षातले कित्येक महिने कोरडे काढायची सवय असलेल्या या झाडाची मुळे मुळातच उथळ पसरतात. रोजच्या पाण्याने ती आणखी वर आली. नंतर हिरवळ निघाली आणि पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत आले, कारण गाडी लावायला जागा हवी होती. 2016 मध्ये पाण्याची नवी पाइपलाइन टाकताना चर झाडाच्या पूर्वेकडून नेली. वाटेत मांडीएवढी जाड दोन मुळे लागली. प्लंबरने मला बाहेर बोलावून विचारले, "बाई, तोडू का?" चर वळवायची तर फरशी उखडावी लागली असती. मी म्हणाले, "तोडा."

दोन वर्षांनी पावसाळ्यात बुंध्याच्या तळाशी, नेमके त्याच बाजूला, एक अळंबे उगवले. पंख्याच्या आकाराचे, वरून तांबूस तपकिरी आणि पॉलिश केल्यासारखे चकचकीत, कडेला पांढरी किनार. मला ते इतके सुंदर वाटले की अलगद काढून मी ते दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवले. ते गॅनोडर्मा होते, लाकूड कुजवणारी बुरशी. हे अळंबे बाहेर दिसते तेव्हा आतली मुळे कुजायला लागून बराच काळ लोटलेला असतो. आलेल्या पाहुण्यांना मी ते वर्षभर कौतुकाने दाखवत राहिले.

अळंबे उगवले त्याच्या आदल्या वर्षी काकूंच्या मुलाने लेखी कळवले होते की झाड त्यांच्या अंगणाकडे झुकले आहे, तेव्हा ते काढावे किंवा निदान त्या बाजूच्या फांद्या उतरवाव्यात. मी उत्तरात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा हवाला दिला आणि परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे, असे लिहिले. त्यात खोटे काहीच नव्हते. मात्र त्याच कायद्यात धोकादायक झाडासाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय आहे, हे मला ठाऊक होते आणि मी ते लिहिले नाही. कायद्याचा उपयोग मी आडोशासारखा केला. त्या वेळी कोणी तसे म्हणाले असते तर मी भांडले असते.

2019 च्या मे महिन्यातली ती दुपार होती. झाड ऐन बहरात होते. काकूंनी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालून त्या बाजेवर जुन्या साडीवर वाळत टाकल्या होत्या. चारच्या सुमारास पूर्वेकडून आभाळ भरून आले. वळवाचा वारा आधी धूळ घेऊन येतो, तशी धूळ आली, म्हणून मी खिडक्या लावायला उठले. खिडकीतून मला काकू दिसल्या. त्या साडीची चार टोके एकत्र धरून गाठोडे बांधू पाहत होत्या आणि वारा प्रत्येक वेळी एक टोक त्यांच्या हातून सोडवून घेत होता. मी हाक मारली की नुसते मनात म्हणाले, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. फांदी मोडताना होतो तसा कडाड आवाज झालाच नाही. ओले पोते जमिनीवर टाकावे तसा एक दबका आवाज झाला आणि अंगणातला उजेड एकदम वाढला, कारण मध्ये झाड नव्हते.

भिंत पाडून ते त्यांच्या अंगणात आडवे झाले होते. बुंधा काकूंपासून सहा-सात फुटांवर पडला होता. त्यांना लागली ती वरची फांदी. मी पोहोचले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, त्यांच्या केसांत लाल पाकळ्या अडकल्या होत्या आणि साडीचे एक टोक त्यांनी मुठीत धरून ठेवले होते. "कुरडया भिजतील गं," एवढेच त्या म्हणाल्या. मांडीचे हाड मोडले होते आणि खांदा निखळला होता. त्यांचा मुलगा घरी आला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता फांद्या ओढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची शस्त्रक्रिया चालू असताना मी रुग्णालयात नव्हते. मी घरी होते. झाड तोडायला आलेली माणसे काम करत होती आणि मी मोडलेली मुळे पाहत बसले होते. मुळे उपटून आलेली नव्हती, बुंध्यालगत मोडली होती. पूर्वेकडचे लाकूड पांढरट पडले होते, ओल्या कापसासारखे बोटांत कुस्करत होते. तेवढ्यात करवत चालवणाऱ्याने वाटेतली एक शेंग पायाने बाजूला सारली. आदल्या वर्षीची, काळी पडलेली, दीड-दोन फुटांची शेंग. मी ती उचलली आणि पदराखाली धरून आत नेऊन ठेवली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पुन्हा गुलमोहर लावण्याचा निर्णय पुढे कधीतरी शांतपणे झाला, असे मी भासवत आले. तो त्या सकाळीच झाला होता, आणि शरमेने झाकून घेतलेला होता.

शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही दिला. मुलाने तो घेतला आणि नंतर सगळ्या बिलांच्या प्रती पाकिटात घालून पाठवल्या. सोबत एकही ओळ नव्हती.

2020 च्या जूनमध्ये मी ती शेंग फोडली. आत तीसएक बिया होत्या, दगडासारख्या टणक. दहा बिया पॉलिश पेपरवर एका टोकाला घासल्या, आतला रंग दिसू लागल्यावर थांबले आणि कढत पाण्यात रात्रभर ठेवल्या. सकाळी सात बिया फुगल्या होत्या. या वेळी पिशवीत रोप ताटकळत ठेवले नाही. एकच निवडून कोपऱ्यात, दोन्ही घरांपासून पस्तीस फूट सोडून, मुरमाड जागेत थेट लावले. आधाराची काठी वर्षभरातच काढली, कारण वाऱ्यात डोलल्याखेरीज खोड जाड होत नाही. दोन उन्हाळे पाणी दिले, मग बंद केले. भोवती फरशी नाही, हिरवळ नाही. दर हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्याआधी, अरुंद कोनात निघालेल्या आणि खोडाशी बरोबरी करू पाहणाऱ्या फांद्या काढते, कारण दोन फांद्यांचे असेच दुबेळके पुढे उलते. शेंडा मात्र छाटत नाही; शेंडा मारलेला गुलमोहर जे धुमारे फोडतो ते वरवर चिकटलेले असतात आणि जड झाले की निसटतात. पावसाळ्यात दर आठवड्याला बुंध्याभोवती वाकून पाहते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की चूक झाडाची नव्हती, तुमची होती, तेव्हा प्रश्न मिटला. मलाही काही दिवस तसेच वाटत होते आणि ते फार सोयीचे होते. पण ठिसूळ लाकूड आणि उथळ मुळे हा या झाडाचा स्वभावच आहे. मी सगळे नियम पाळले तरी तो बदलणार नाही. बहावा लावला असता तर ही पाळत ठेवावी लागली नसती. मग गुलमोहरच का? जे मी बिघडवले ते एकदा नीट करून दाखवावे, असे मला वाटते; आणि असे वाटण्यात झाडापेक्षा माझाच विचार जास्त आहे, हेही दिसते. शिवाय एप्रिलमध्ये, जेव्हा सज्जनगडाच्या वाटेवरचे सगळे रान करपलेले असते, तेव्हा निष्पर्ण फांद्यांवर तो लाल रंग चढताना पाहिल्याशिवाय मला उन्हाळा काढता येत नाही. हे कारण मांडीच्या हाडापुढे ठेवण्याजोगे नाही. म्हणूनच आजवर मी ते कोणाला सांगितले नव्हते.

रोप लावण्याआधी मी काकूंना विचारले होते. त्या काठी घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "लाव. पर आमच्या बाजूला नको." मग थोड्या वेळाने, "आन् फांदी इकडं आली तर कापशील?"

"कापीन," मी म्हणाले.

"सांगितल्यावर, का पडल्यावर?"

त्यांच्या मुलाला मी विचारले नाही. त्याचे उत्तर मला माहीत होते.

झाड आता सहाव्या वर्षात आहे, चौदा-पंधरा फुटांचे झाले आहे, अजून फुललेले नाही. यंदा आठ फुटांवर त्याला एक दुबेळके फुटले आहे आणि त्यातली पश्चिमेकडची फांदी सगळ्या झाडात जोमदार आहे. फुले आली तर आधी तिच्यावरच येतील असे दिसते. ती पालवी फुटण्याआधी कापायला हवी होती. करवत धार लावून आणली आहे आणि दोन आठवडे झाले, ती जिन्याखाली उभी आहे.