खाली वळलेले बाण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि पहिले आठवले ते विज्ञानाचे सर. स्नेहसंमेलनं, सहली, कवायत यांवर बाकीचे लिहितीलच. मला सरांवरच लिहायचंय.

नववीत द्रवाच्या दाबाचा धडा चालू होता. भरलेल्या घागरीचं चित्र काढून मी सगळे बाण खाली दाखवले होते. पाणी खालीच दाबणार, एवढंच माझं ज्ञान. सरांनी वहीवर लाल रेघ मारली नाही. दुसऱ्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेतला रबरी चेंडू आणला, त्यात पाणी भरलं, दाभणाने चहूकडे भोकं पाडली आणि चेंडू दाबला. प्रत्येक चिळकांडी आपापल्या जागी चेंडूच्या पृष्ठभागाशी काटकोन करून उडाली. पहिला बाक पूर्ण भिजला. "काढ आता बाण," सर एवढंच म्हणाले.

मग पटांगणातल्या नळावर गोडेतेलाचा चौकोनी डबा भरला. बाजू फुगल्या, त्याही मध्यापेक्षा जरा खालच्या अंगाला. शेजारचं गोल पिंप जसंच्या तसं. सपाट पत्रा पाण्याने वाकतो, गोल पत्रा तोच दाब ताणावर पेलतो. सरांनी हिशेबही करून घेतला: फूटभर रुंद, फूटभर उंच बाजू, पाणी काठोकाठ, तर भार सुमारे 14 किलो, आणि तो जणू तळापासून 4 इंचांवर एकवटलेला. आम्ही उन्हाळाभर पाणी साठवणारी सोलापूरची पोरं. पिंप गोलच का, हे कुणी विचारलं नव्हतं.

आज मी धरणांच्या वक्र दरवाजांचे आराखडे करतो. दरवाजा वर्तुळाच्या कमानीचा असला की पाण्याचा प्रत्येक बाण काटकोनात शिरून, दरवाजा जिच्याभोवती फिरतो त्या मागच्या पिनेकडेच जातो. त्यामुळे उचलताना पाण्याच्या रेट्याशी झुंजावं लागत नाही. दरवाजाचं वजन आणि घर्षण तेवढं पेलायचं. पहिला आराखडा करताना मला तो चेंडूच दिसत होता. हे सरांना सांगायचं राहून गेलं. ते गेल्याचं मला वर्षभराने कळलं.

पटांगणातला नळ आता नाही. धडा पडद्यावर दाखवतात म्हणे, मुलं भिजत नाहीत. प्रयोगशाळेसाठी मी एक पिंप आणि एक डबा पाठवतो आहे. डबा चौकोनी आहे, मुद्दाम पातळ पत्र्याचा.