सड्यावर तंबू, डोक्यात कॅन्यन: ॲरिझोना-युटाच्या ट्रिपची कशेळीत रंगीत तालीम

येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही ॲरिझोना आणि युटाच्या वाळवंटातनं गाडीने फिरणार आहोत, हॉटेलं कमी आणि तंबू जास्त असा बेत आहे, आणि सध्या आमच्या रत्नागिरीतल्या घरात दुसरा विषयच नाही. माझा मावसभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, फिनिक्सला असतो. तो आणि वहिनी तिकडून, मी आणि बायको इकडून. रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ कॉल लागतो, तिकडे त्यांची सकाळ असते, दादा कॉफी घेऊन बसतो आणि नकाशा उघडतो.

रूट साधारण ठरलाय. फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम म्हणजे दक्षिण काठ, मग पेज गाव, झायन, ब्राइस कॅन्यन, तिथून हायवे १२ ने कॅपिटल रीफ, पुढे मोआब आणि परत येताना मॉन्युमेंट व्हॅली. फिनिक्स ते साउथ रिम सुमारे ३७० किमी, म्हणजे आपल्याला रत्नागिरी-मुंबईची सवय असेल तर काहीच नाही असं वाटतं, पण त्यात तुम्ही साडेतीनशे मीटर उंचीवरून थेट २,१०० मीटरवर पोचता आणि ब्राइसला तर त्याहून वर. ऑक्टोबरच्या रात्री ब्राइसला पारा शून्याच्या खाली जातो. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नुसतं ऊन येतं, त्यामुळे बायकोने स्वेटरची यादी काढली तेव्हा घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

ऑक्टोबर का, तर उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी ४० डिग्रीच्या वर जातं आणि जुलै ते सप्टेंबर तिकडचा मान्सून असतो. हो, त्यांच्याकडेही त्याला मान्सूनच म्हणतात. पाऊस पडतो किती, तर मोआबला वर्षभरात अडीचशे मिमीच्या आत, आपल्या रत्नागिरीत तीन हजारच्या वर पडतो, म्हणजे त्यांचं अख्खं वर्ष आपल्याकडे जुलैच्या दोन-तीन जोरदार दिवसांत होऊन जातं. पण जो पडतो तो उघड्या खडकावर पडतो, मुरायला माती नाही, धरायला झाडं नाहीत, सगळं पाणी एकदम घळीत उतरतं. १२ ऑगस्ट १९९७ ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक असेच गेले. पाऊस कॅन्यनवर नव्हताच, काही मैल वर पडला होता. हे वाचल्यावर मला लगेच आमच्या इथले पऱ्हे, म्हणजे पावसाळी ओढे, आठवले, घाटावर काळं झालं की खाली कोरड्या पऱ्ह्यातनं गुरं बाहेर काढा म्हणून म्हातारी माणसं ओरडायची, आणि आम्हाला लहानपणी कळायचंच नाही की इथे तर ऊन पडलंय. २०२१ च्या जुलैमधलं चिपळूण ज्यांनी बघितलंय त्यांना तर वरचं पाणी खाली कसं येतं ते सांगायलाच नको. तेव्हा अरुंद घळीत शिरायच्या आधी डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, वरच्या सगळ्या पाणलोटाचा अंदाज बघायचा, हा आमचा पहिला नियम झाला. रेंजर ऑफिसच्या बाहेर रोजचा फ्लॅश फ्लडचा अंदाज लावलेला असतो, तो वाचल्याशिवाय गाडी हलणार नाही.

दुसरी गोष्ट पिण्याच्या पाण्याची. दादा म्हणाला, "अरे, तू समुद्राकाठचा, पाण्याचा हिशोब तुला जमायचा नाही." मी म्हटलं दादा, तू सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरच्या, वाड्या विसरलास. एवढा पाऊस पडतो, पण जांभा, म्हणजे आपला लाल दगड, चाळणीसारखा, सगळं खाली जातं, आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. हंडा डोक्यावर घेऊन चढणीवरनं येणाऱ्या बाईला पाण्याचा हिशोब कोणी शिकवायला नको. त्यावरनंच बोलता बोलता ठरलं, की तिकडे जाऊन तंबू पहिल्यांदा उघडण्यापेक्षा इथेच सड्यावर एकदा सगळं करून बघूया, नळ नाही, विहीर नाही, जे गाडीत असेल त्यात भागवायचं.

बायकोच्या मामांची कशेळी गावात आंब्याची कलमं आहेत, बागेच्या वरच्या अंगाला उघडा कातळ. मामांची परवानगी काढली, कारण सडा उघडा दिसला तरी तो कोणाचा तरी असतो, विचारल्याशिवाय तंबू ठोकायचा नाही. भाट्याच्या पुलावरनं निघालो, पावसला खाऊन घेतलं, पूर्णगडचा पूल, गावखडीचं सुरुबन, आणि मग चढ चढून सड्यावर. फेब्रुवारीचा शेवट, कलमांवर मोहोर आणि सुपारीएवढ्या कैऱ्या एकाच झाडावर, हवेत तो मोहोराचा वास. मामा फवारणीच्या गडबडीत होते तरी येऊन बघून गेले, "हौस आहे हो तुमची," म्हणाले आणि कातळावर जिथे सावली लवकर येते ती जागा दाखवली.

आणि इथे खरी शिकवणी सुरू झाली. तंबूचे खिळे कातळात जाईनात. एक सेंटीमीटरसुद्धा नाही, वरनं हाणलं तर खिळा वाकतो. युटामध्ये बऱ्याच ठिकाणी हाच प्रकार आहे, तिकडे त्या उघड्या खडकाला स्लिकरॉक म्हणतात. मग फुटके चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, गोळा केले, दोरी एका लहान लांबट दगडाला गुंडाळली आणि त्याच्या पुढ्यात मोठा चिरा ठेवला, म्हणजे दोरीला ताण आला की लहान दगड मोठ्यावर अडकतो आणि जागचा हलत नाही. नुसता दगड दोरीवर ठेवला तर दोरी घासते आणि सुटते. ही पद्धत एकदा हाताला बसली की कुठेही चालेल, पुढच्या वेळी मी जाड दोरीचे तुकडे वेगळे नेणार आहे.

मग वारा. संध्याकाळी समुद्राकडनं खारा वारा होता म्हणून दार पूर्वेला केलं, मस्त. पहाटे मतलई (जमिनीकडनं समुद्राकडे जाणारा वारा) सुटली आणि सगळा गार वारा सरळ दारातनं आत. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे माहीत असतं पण तंबूत झोपल्यावर ते अंगाला कळतं. कॅन्यनमध्येही वारा असाच दिशा बदलतो, दिवसा तापलेली हवा घळीतनं वर चढते आणि रात्री गार होऊन खाली उतरते. त्यामुळे आता ठरवलंय की तंबू आडवा लावायचा, दोन्ही वाऱ्यांना बाजू देऊन. सकाळी तंबूचं वरचं कापड दवाने चिंब होतं, ते वाळवायला तासभर गेला. तिकडची हवा कोरडी, एवढं दव काही पडायचं नाही, पण ओठ आणि टाचा फुटतील असं वहिनीने बजावलंय.

पाण्याचा हिशोब असा केला. तिकडच्या नॅशनल पार्कवाल्यांचा सल्ला आहे की माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास ४ लिटर. आम्ही दोघं, म्हणून ८ लिटरचा कॅन भरून मार्करने रेघा मारल्या आणि दर वेळी काढलं की लिहिलं. पिण्यापेक्षा भांड्यांना जास्त लागतं! भात केला की भात धुवायचं पाणी, कुकर धुवायचं पाणी. कुळथाची पिठी केली तर एकच भांडं, ते भाकरीने पुसून खाल्लं की नुसतं एक वाटी पाणी पुरतं. त्यामुळे मेनू बदललाय: कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, सांडगी मिरची. खाण्याचं जे काही नेऊ ते एअरपोर्टवर डिक्लेअर करायचं, ताजी फळं नेण्याच्या भानगडीत पडायचं नाही आणि गॅसची डबी विमानात अजिबात चालत नाही, ती फिनिक्सला घ्यायची. गाडीत चौघांचे दोन दिवसांचे ३२ लिटर कायम असणार, एक थेंब कमी नाही, दोन वेगवेगळ्या कॅनमध्ये, एक फुटला तर दुसरा.

पेट्रोलचंही तसंच आहे. युटात आय-७० या हायवेवर ग्रीन रिव्हर ते सलाइना हा सुमारे १७५ किमीचा पट्टा आहे, मधे पंप नाही, टपरी नाही, काही नाही. आमचा रस्ता त्यावरनं पूर्ण जात नाही, पण दादाने नियम करून टाकलाय की टाकी अर्धी झाली की भरायची. आणि कच्च्या रस्त्यांवर भाड्याची गाडी बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत. एस्कलांटेजवळचा होल-इन-द-रॉक रोड मला फार खुणावत होता, त्या बाजूच्या अरुंद घळी फोटोत बघूनच वेड लागतं, पण तिथली चिकणमाती भिजली की रस्ता बंदच होतो. तो बेत आम्ही सोडला. वाईट वाटलं, पण सोडला.

संध्याकाळी कशेळीचं कातळशिल्प बघायला गेलो. आधी बघितलेलं होतं, पण या वेळी वेगळ्या नजरेने बघितलं. जमिनीवर कोरलेला भलामोठा हत्ती, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, मासे, पक्षी. उन्ह तिरकी झाली की रेघांमध्ये सावली भरते आणि मग कुठे सोंड, कुठे पाय ते उमजतं, भर दुपारी आलात तर अर्धं दिसणारच नाही. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यात कशेळी आहे. कॅपिटल रीफमध्येही हायवे २४ च्या कडेला फ्रेमाँट या तिथल्या प्राचीन मूळ रहिवाशांनी कड्यावर कोरलेली चित्रं आहेत, शिंगवाल्या मेंढ्या आणि माणसं, ती बघायची वेळ आम्ही या अनुभवावरनं ऊन तिरकं असतानाची ठेवलीय. दोन्हीकडे नियम एकच, हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही, खडूने रेघा ठळक करायच्या नाहीत. कृपा करून हे मुलांनाही सांगा.

पायाखालचं बघायचं म्हणजे फक्त शिल्पंच असं नाही. मोआबच्या बाजूला जमिनीवर काळपट खडबडीत साय धरल्यासारखी दिसते, ती जिवंत असते, जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल मिळून बनलेली, तीच वाळू धरून ठेवते. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं जातात. म्हणून खडकावरनं चालायचं किंवा वाटेवरनं, तिसरं नाही. आणि काही ठिकाणी स्वतःची घाणसुद्धा पिशवीत बांधून परत आणायची असते. ऐकायला कसंतरी वाटतं, पण आपल्या किनाऱ्यांवर सुट्टीनंतर जे पडलेलं असतं ते बघितलं की मला तो नियम मनापासून पटतो.

रात्री बूट तंबूच्या आत घेतले आणि सकाळी झटकून घातले. सड्यावर फुरसं आणि विंचू यांची सवय आम्हाला जन्मापासनं, तिकडे रॅटलस्नेक आणि विंचू, त्यामुळे ही सवय तशीच घेऊन जायची.

घड्याळाचा घोळ मात्र इथे सराव करून सुटणारा नाही. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, पण त्याच राज्यातलं नावाहो नेशन, म्हणजे नावाहो आदिवासींचा स्वतःच्या कारभाराचा प्रदेश, करतं आणि युटाही करतं. म्हणजे ऑक्टोबरात पेजच्या आसपास मोबाईल कुठला टॉवर पकडेल त्यावर वेळ एक तास इकडेतिकडे. अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि टूर मात्र पेजच्या म्हणजे फिनिक्सच्या वेळेवर चालतात. मी साधं हातावरचं घड्याळ फिनिक्स टाइमला लावून ठेवणार आहे आणि चौघांनी तेच बघायचं.

खर्चाचं एक महत्त्वाचं. २०२६ पासनं अमेरिकेबाहेरच्या लोकांसाठी पार्कांचा वार्षिक पास २५० डॉलर झालाय, तिथे राहणाऱ्यांना ८०. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस अशा अकरा पार्कांत परदेशी माणसाला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. आमच्या रूटवर त्यातली तीन येतात, तेव्हा पास घेणंच परवडतं. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्यावर चढायला २०२२ पासनं परमिट लागतं, लॉटरीने मिळतं, अर्ज टाकणार, नाही लागलं तर नाही.

मामांना मी कॅपिटल रीफच्या फ्रुटाबद्दल सांगितलं, तिथे १८८० च्या सुमाराला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव होतं आणि त्यांच्या जर्दाळू, पीच, सफरचंदाच्या बागा पार्कवाल्यांनी अजून जपल्यात, हंगामात आत बसून फळं खायला पैसे नाहीत, घरी नेणार असाल तर वजन करून पैसे टाकायचे. मामा बराच वेळ विचारत होते, पाणी कुठनं देतात, छाटणी कधी करतात, राखण कोण करतं. पाणी फ्रेमाँट नदीचं, पाटाने. बाकीच्या प्रश्नांची वही केलीय, ती तिथल्या माणसांना विचारून येणार.

कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे आमच्यासाठी एप्रिलमध्ये, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, आणि झायनच्या जागा बघता बघता जातात. दादा तिकडून, मी इकडून, दोघंही लॉग-इन करून बसणार. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवतोय, कारण एप्रिलमध्ये आमच्याकडे लाइट नेमकी त्याच वेळेला जाते.