डायक्लोफेनॅक जेल: औषध कधी घालायचं?

वेदनाशामक जेल करायला घेतलं की सगळ्यांचं लक्ष घट्टपणाकडे. खरी मेख असते क्रमात.

१०० ग्रॅमच्या बॅचसाठी: डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन १.१६ ग्रॅम (म्हणजे १ ग्रॅम डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचं), कार्बोपोल ९४० (जेल घट्ट करणारी पूड) १ ग्रॅम, प्रॉपिलिन ग्लायकॉल १० ग्रॅम, आयसोप्रॉपिल अल्कोहोल १५ ग्रॅम, मिथाइल पॅराबेन (जेल टिकवणारं परिरक्षक) ०.१५ ग्रॅम. ट्रायइथेनॉलअमाइन (आम्ल शमवणारं अल्कली) साधारण दीड ग्रॅम लागतं, पण घालायचं ते पीएच बघत. उरलेलं वजन शुद्ध पाण्याने पुरं करायचं.

६५ ग्रॅम पाणी ढवळत ठेवून त्यावर कार्बोपोल भुरभुरवा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात; त्या बाहेरून फुगतात, आत पूड कोरडीच राहते, मग कितीही घोटा. रात्रभर भिजू द्यावं हे उत्तम.

हे मिश्रण आम्लधर्मी असतं, पीएच ३ च्या आसपास. डायक्लोफेनॅकचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ते निम्मं आम्लरूपात आणि निम्मं आयनरूपात असतं तो, ४ च्या जवळ. त्यामुळे औषध याच टप्प्यावर घातलं तर ते आम्लरूपात खाली बसतं आणि जेल बोटाला कचकचतं. म्हणून आधी ट्रायइथेनॉलअमाइनने पीएच ७ पर्यंत आणायचा, मग ग्लायकॉल आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं औषध व पॅराबेन हळूहळू मिसळायचं. जेल थोडं पातळ होईल, घाबरू नका: औषध क्षाररूपात आहे, त्याचे आयन कार्बोपोलचं फुगणं कमी करतात. अर्धा टक्का कार्बोपोल इथे अपुरं पडतं ते यामुळेच. घट्ट जेलमध्ये अडकलेली हवा सहजी निघत नाही. वेग कमी ठेवा, जमल्यास व्हॅक्यूम लावा.

‘त्वचेतून जातं’ असं म्हणण्याआधी फ्रान्झ सेल हवा, म्हणजे वर जेल, मध्ये पडदा आणि खाली द्रव ठेवून पडद्यातून किती औषध जातं ते मोजायचं उपकरण: खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर, पडद्यापाशी ३२ अंश सेल्सिअस. सेलोफेनचा पडदा लावून आलेल्या आकड्यांवरून फक्त एवढं कळतं की औषध जेलमधून सुटतं. त्यावरून त्वचेबद्दल दावे करणारे प्रबंध भरपूर आहेत, आणि ते दावे पोकळ आहेत. किमान डुकराच्या कानाची त्वचा तरी घ्यावी.

आकडे कमी आले की ग्लायकॉल वाढवायचा मोह होतो. पण द्रावक जास्त झाला की औषध त्यातच आरामात राहतं, त्वचेकडे ढकललं जात नाही. द्रावण संपृक्ततेच्या जवळ हवं, मात्र स्फटिक सुटतील इतकं नको. सात दिवस फ्रिजमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की स्फटिक आहेत का ते दिसतं.