टाकी भरलेली, धार करंगळीएवढी

कासचा तलाव साताऱ्याच्या वर, डोंगरात 25 किलोमीटरवर. तिथलं पाणी शहरात येतं ते मुख्यतः उताराच्या जोरावर. गावही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला कललेलं. त्यामुळे एकाच टाकीवरच्या दोन घरांत खालच्या आळीला पाणी बादलीबाहेर उडतं आणि माची पेठेसारख्या चढावर घागर भरता भरत नाही. तिथे मीटरपासून थेट गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचा हट्ट धरू नये. सात मीटर चढायला पाऊण किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो) दाब तिथेच खर्ची पडतो. जमिनीखाली हौद घ्यावा, मग मोटर लावावी. (मोटर हौदाला, नळाला नव्हे. नळाला लावली की शेजाऱ्याचं पाणी येतं आणि गळक्या जोडातून गटाराचंही.)

घरातला हिशेबही उंचीचाच. दहा मीटरला एक किलो. वरच्या मजल्यावरचा शॉवर टाकीतल्या पाण्याच्या अडीच मीटर खाली असेल, तर दाब मिळणार पाव किलो. पाचशेची काढून दोन हजाराची टाकी बसवली तरी तेवढाच. टाकी जाड झाली म्हणून दाब वाढत नाही, उंच झाली तर वाढतो.

पण काल बरा होता आणि आज नाही, असं असेल तर उंचीला दोष देऊ नका. पाणी कुठेतरी अडलंय. वीस लिटरची बादली लावा, मोबाइलवर वेळ बघा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला दहा लिटर, तक्रार नको. एकाच नळाला रड असेल तर तोंडाची जाळी काढून उजेडात धरा. बोअरच्या पाण्याचा पांढरा चुना भोकाभोकांत बसलेला दिसेल. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या ब्रशनं घासा. फक्त गरम पाणीच बारीक येत असेल तर गिझरच्या थंड बाजूचा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बघा, कचरा तिथे अडकतो.

अख्ख्या घराचीच धार गेली तर गच्चीवर जा. टाकीखालचा गेट वॉल (चाकाची झडप) हा मोठा फसवा. चाक फिरतं, आपण समजतो उघडला. आत मात्र स्पिंडल (चाकाची दांडी) सुटून पितळी पडदा वाटेतच बसलेला असतो. गंमत म्हणजे सगळे नळ बंद ठेवून दाब मोजायचं गेज लावलं तर दाब पूर्ण दिसतो. पाणी हललं नाही तर अडथळ्याला खायला काही मिळत नाही. नळ उघडला की काटा शून्याकडे. तेव्हा दाब वाहत्या पाण्याचाच बघावा. बदलताना बॉल वॉल घ्या; दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद, वाद नाही.

जुनी लोखंडी लाइन असेल तर आतून गंज चढतो. आतला व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं नाही, साधारण सहावा हिस्सा उरतं. अशा पाइपला मोटर लावून जोर देण्यापेक्षा पाइपच बदला.

टाकी पूर्ण रिकामी होऊन भरल्यावर नळ नुसता फुसफुसत असेल, तर हवा धरली. पॅरापेटवरून चढून उतरणाऱ्या लाइनच्या कमानीत ती बसते. हवा सुटायला टाकीच्या आउटलेटलगत एक उभा पाइप काढा, त्याचं उघडं तोंड टाकीच्या काठाच्या वर न्या आणि एल्बो लावून खाली वळवा, नाहीतर पाल पडते.